बीपीची गोळी, मास्कमधलं पाणी आणि सहा दिवसांचं अंदमान

पत्र

मी ४८ वर्षांची आहे, डोंबिवलीला राहते, बँकेत नोकरी. दोन वर्षांपूर्वी मालवणला आम्ही सगळ्यांनी स्कूबा केलं. तेव्हापासून माझ्या मुलाच्या (वय २१) डोक्यात एकच, रीतसर कोर्स करायचा. जानेवारीत आम्ही दोघंच अंदमानला जातोय. सोमवारी दुपारी पोचायचं, शनिवारी सकाळी सातचं परतीचं विमान. त्याने आम्हा दोघांसाठी ओपन वॉटर आणि अ‍ॅडव्हान्स्ड असे दोन्ही कोर्स (पहिला आणि त्याच्या पुढचा) मिळून एक पॅकेज ठरवलंय, नऊ डाइव्ह. थिअरी आम्ही ऑनलाइन पूर्ण केली. इथल्या तलावात सरावही झाला. त्याचा झाला, माझा अर्धाच. मास्क काढून परत घालायचा होता. नाकात पाणी गेलं, मी घाबरले आणि सरळ वर आले. तीनदा तेच. तलाव तीनच मीटर खोल होता, तिथे ही गत, तर समुद्रात काय होणार? मिस्टर म्हणतात, सोडून दे. मुलगा म्हणतो, तिथे गेल्यावर जमेल. मला सोडायचं नाहीये, पण माझ्यामुळे त्याचा कोर्स अडायला नको.

ता.क. तीन वर्षांपासून बीपीची एक गोळी चालू आहे, बीपी अगदी नॉर्मल असतं. कोर्सच्या मेडिकल फॉर्मवर ते लिहिलं तर पाण्यात उतरू देणार नाहीत असं ऐकलं. ‘नाही’ लिहिलं तर चालेल ना?

— मास्कला घाबरलेली

उत्तर

ताई,

सगळ्यात मोठा प्रश्न तुम्ही ता.क. मध्ये ढकललाय, म्हणून मी तिथूनच सुरू करतो. चालणार नाही. ‘नाही’ लिहू नका.

तो फॉर्म म्हणजे सेंटरवाल्यांनी अंग काढून घेण्यासाठी केलेला कागद, असा आपल्याकडे समज आहे. थोडाफार खराही आहे. पण त्यातले प्रश्न डायव्हिंगच्या डॉक्टरांनी बसून ठरवलेत. तुमचं वय ४५ च्या पुढे, म्हणून तुम्हाला पुढच्या चौकटीत जावं लागतं. तिथे सिगारेट, कोलेस्टेरॉल, रक्तदाब आणि घरात कुणाला लहान वयात हृदयविकार, एवढंच विचारलंय. नियमित औषधं घेता का, हा प्रश्न वेगळा आहे. तुमचं ‘हो’ दोन ठिकाणी येईल. एका ‘हो’चा अर्थ ‘उतरू देणार नाही’ असा नसतो, ‘डॉक्टरांची सही आणा’ एवढाच असतो. बीपीची गोळी घेणारे कितीतरी लोक सही आणून डाइव्ह करतात.

मग सहीला एवढं महत्त्व का? माणूस गळ्यापर्यंत पाण्यात गेला की हातापायांतलं रक्त छातीकडे ढकललं जातं. तब्येत ठणठणीत असेल तर हृदय ते सांभाळून घेतं. रक्तदाबाचा त्रास असलेल्यांत मात्र कधीकधी फुफ्फुसात द्रव साचायला लागतो. एक थेंबही नाकातोंडात न जाता माणूस आतूनच बुडायला लागतो. हे वारंवार घडत नाही, पण घडतं ते बऱ्याचदा पन्नाशीच्या आसपासच्या, ‘मला काहीच नाही’ म्हणणाऱ्या माणसांना. शिवाय गोळी कोणत्या गटातली आहे यानेही फरक पडतो. काही गोळ्यांनी हृदयाची गती वाढायला मर्यादा येते, आणि प्रवाहाविरुद्ध पोहावं लागलं तर नेमकी तीच गती लागते. काही गोळ्यांनी लघवी जास्त होते. आधीच उन्हात, बोटीवर, उलटीने शरीर सुकलेलं असतं, त्यात ही भर. हा हिशेब तुम्ही करायचा नाही, मीही करायचा नाही. फॉर्मसोबत डॉक्टरांसाठी मार्गदर्शनाची वेगळी पानं असतात, ती छापून तुमच्या फिजिशियनकडे घेऊन जा. नुसतं ‘डॉक्टर, स्कूबा करू का?’ विचारलंत तर ‘करा हो, मजा करा’ असं उत्तर मिळेल. ते उत्तर मालवणच्या वीस मिनिटांना ठीक होतं. पानं समोर ठेवलीत की ते बहुधा ईसीजी, कदाचित स्ट्रेस टेस्ट सांगतील. हे डिसेंबरच्या सुरुवातीला उरकून घ्या. अंदमानात हॅवलॉक बेटाच्या जेटीवर उभं राहून व्हॉट्सअ‍ॅपवर सही मागवायची वेळ आणू नका. मी अशा सह्या पाहिल्यात.

लपवण्याबद्दल मला बोलायचा अधिकार आहे, कारण मी लपवलंय. बारा-तेरा वर्षांपूर्वी कर्नाटकातल्या नेत्राणी बेटाला डाइव्हसाठी गेलो होतो. मुरुडेश्वरहून बोट ठरलेली, पैसे भरलेले, आणि आदल्या रात्री नाक चोंदलं. सकाळी नाक मोकळं करणारी गोळी घेतली आणि इन्स्ट्रक्टरने विचारल्यावर ‘एकदम फिट’ म्हणालो. खाली जाताना कान सुटले, म्हणजे कानातला आणि बाहेरचा दाब सारखा झाला. वर येताना गोळीचा असर उतरला होता. आतली हवा फुगायला लागली आणि तिला बाहेर पडायला वाट नाही. वर जावं तर कानात खिळा ठोकल्यासारखं, खाली थांबावं तर सिलिंडर संपत आलेलं. कसाबसा वर आलो. नंतर तीन आठवडे डावा कान पाण्याने भरलेल्या घागरीसारखा वाजत होता. दोष सगळा माझा. इन्स्ट्रक्टर बिचारा नंतर एवढंच म्हणाला, ‘इतकी घाई कित्याक?’

आता मास्क.

तुम्ही लहानपणी पोहायला कुठे शिकलात ते पत्रात नाही. पण आपल्याकडची तुमच्या वयाची निम्मी माणसं पाठीला डबा नाहीतर भोपळा बांधून विहिरीत शिकलेली असतात. तिथला पहिला धडा काय? नाक दाब, श्वास रोख, मार उडी. शरीर हा धडा विसरत नाही. चेहऱ्याला पाणी लागलं की ते आपोआप श्वास रोखतं. स्कूबाचा पहिला नियम याच्या अगदी उलटा आहे, श्वास कधीही रोखायचा नाही. म्हणजे तुम्ही भित्र्या आहात असं काही नाही, चाळीस वर्षांची सवय तीन तासांत मोडायला सांगितली तर कुणाचंही हेच होईल. मुलाला जमलं कारण तो बहुधा क्लोरीनच्या तलावात, गॉगल लावून शिकलाय.

तलावात नाकात थोडं पाणी गेल्याने सहसा काही बिघडत नाही. धोका आहे तो तुम्ही त्यानंतर जे केलंत त्यात, ‘सरळ वर आले’ यात. दहा मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो आणि हवा निम्म्या जागेत मावते. वर येताना तीच हवा पसरते. तोंड मिटून, श्वास रोखून कुणी भसकन वर आलं तर फुफ्फुसाला इजा होऊ शकते, आणि त्यासाठी समुद्राची खोली लागत नाही. दीड-दोन मीटरसुद्धा पुरतात. म्हणून ‘तीनच मीटर’ म्हणून तो तलाव हसण्यावारी नेऊ नका. तुमचा इन्स्ट्रक्टर त्या तीन वेळांत तुमच्या खांद्याला धरून होता का, आठवून बघा. नसेल तर पुढचा सराव दुसऱ्याकडे.

घरी काय करता येईल ते सांगतो. एक साधा स्नॉर्केल (तोंडात धरून श्वास घ्यायची नळी) आणा. बाथरूममध्ये स्टुलावर बसा, स्नॉर्केल तोंडात धरा, मास्क नाही, नाक उघडं. आणि मगाने कपाळावरून सावकाश पाणी ओता. तोंडाने श्वास घ्यायचा, नाकाने सोडायचा. पहिल्या दिवशी तीन मग झाले तरी पुष्कळ. चार-पाच दिवसांनी मोठी बादली किंवा टब भरून चेहरा पूर्ण बुडवा आणि स्नॉर्केलने दोन मिनिटं श्वास घेत राहा. घरातले हसतील, हसू द्या. मिस्टरांना घड्याळ लावायला बसवा, तेवढाच त्यांचा कोर्सला हातभार. कोर्समध्ये मास्कशिवाय पाण्याखाली एक मिनिट श्वास घेऊन दाखवावा लागतो. बादलीत दोन मिनिटं जमली की तलावातलं एक मिनिट छोटं वाटतं. माझ्या हाताखालच्या किती जणांचं मास्कचं भूत या बादलीने उतरवलंय. उतरलं नाही असेही दोन-तीन आठवतात, खोटं कशाला सांगू.

दुसरी शक्यता अगदीच साधी आहे, मास्कच तुमच्या चेहऱ्याचा नसेल. सेंटरचे मास्क बहुतेक मध्यम-मोठ्या मापाचे असतात. पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर टेकवा, नाकाने हलका श्वास आत ओढा आणि हात सोडा. चिकटून राहिला तर तुमचा, पडला तर नाही. कपाळावरचे केस रबराखाली गेले तरी पाणी झिरपतं. सगळं साहित्य भाड्याने घ्या, मास्क मात्र स्वतःचा घ्या. कोर्सच्या एकूण खर्चापुढे ती रक्कम काहीच नाही. (मुलाला मिशी असेल तर त्याचाही मास्क गळणार आहे. वरच्या ओठावर थोडं व्हॅसलीन लावायला सांगा.)

आणि हा बाकीचा सराव अंदमानवर सोडू नका. अजून वेळ आहे, त्याच तलावात किंवा दुसरीकडे एकट्याने, मुलाशिवाय, एक सत्र घ्या. मुलाशिवाय हे मुद्दाम सांगतोय. आई घाबरली की मुलगा बघतो, मुलगा बघतोय म्हणून आई जमल्याचं दाखवते, आणि पाण्याखाली दाखवण्याइतकं वाईट काही नाही. थिअरी आणि तलाव इथे, समुद्रातले चार डाइव्ह तिथे, अशी फोड करण्याची रीतसर सोय आहे, तिला रेफरल म्हणतात. इथल्या इन्स्ट्रक्टरने काय काय झालं ते लिहून दिलं की तिकडचा पुढे घेतो, आणि तो कागद वर्षभर चालतो. हे वर्ष लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता मुलाचं वेळापत्रक. मी ते कागदावर मांडून पाहिलं. मंगळवारी दोन, बुधवारी दोन, गुरुवारी रात्रीचा धरून तीन, शुक्रवारी सकाळी दोन. नवाला नऊ. हुशार आहे पोरगा. फक्त त्याने वारा धरला नाही, सर्दी धरली नाही, फेरी धरली नाही आणि तुम्हाला धरलं नाही.

फेरीचं आधी सांगतो. पोर्ट ब्लेअर (आता कागदोपत्री श्री विजयपुरम) ते हॅवलॉक (कागदोपत्री स्वराज द्वीप) हे अंतर खासगी फेरीने दोनेक तासांचं. पण समुद्र खवळला की फेऱ्या रद्द होतात, आणि मग शनिवारचं सातचं विमान तुमच्यासाठी थांबत नाही. शुक्रवारी दुपारी परत निघायचंच आहे, म्हणजे सकाळचे दोन डाइव्ह घड्याळ बघत होणार. त्यात विमानाचा प्रश्न. पाण्याखाली दाबामुळे शरीरात नायट्रोजन मुरतो आणि वर आल्यावर तो हळूहळू निघतो. पूर्ण निघायच्या आत विमानाच्या कमी दाबात गेलात तर सोडावॉटरची बाटली उघडल्यासारखं होतं. अनेक दिवस रोज डाइव्ह केल्यावर विमानाआधी किमान १८ तास जाऊ द्यावेत, असं डॅन ही डायव्हरांच्या सुरक्षेची संस्था सांगते. बहुतेक सेंटर सरळ २४ तास सांगतात. शुक्रवारी साडेअकराला पाण्याबाहेर, शनिवारी सातला विमान, म्हणजे साडेएकोणीस तास. नियमात कसंबसं बसतं. पण कोर्सचा शेवटचा दिवस, आयुष्यातले पहिले नऊ डाइव्ह आणि बीपीची गोळी असताना मी ‘कसंबसं’वर बसणार नाही. शुक्रवार कोरडा ठेवा.

मग उरतात मंगळवार ते गुरुवार. तुमच्यासाठी मी असं बसवीन. मंगळवारी समुद्राच्याच उथळ पाण्यात, निमो रीफला किनाऱ्यावरून चालत उतरता येतं तिथे, तलावातलं सगळं पुन्हा एकदा. डाइव्ह मोजायचा नाही. बुधवारी दोन, गुरुवारी दोन, ओपन वॉटरचे चार डाइव्ह झाले. त्यात जास्तीत जास्त खोली १८ मीटर, आणि पहिल्या दोनांना तेवढं जायची गरजही नसते. मुलाने मंगळवारीच सुरू करावं. त्याचं ओपन वॉटर बुधवारी होईल, आणि गुरुवारी तो अ‍ॅडव्हान्स्डचे दोन-तीन डाइव्ह करू शकतो. उरलेले नंतर कुठेही, नेत्राणीलासुद्धा करता येतात, झालेले वाया जात नाहीत. म्हणजे तुमच्यामुळे त्याचं काहीच अडत नाही. फक्त तुम्ही दोघं दोन वेगळ्या इन्स्ट्रक्टरांबरोबर असाल. सेंटरला हे आत्ताच, मेलवर लिहून कळवा. आणि एका इन्स्ट्रक्टरमागे किती विद्यार्थी हेही विचारा. नियम आठपर्यंत परवानगी देतो. तुमच्यासारखीला चार म्हणजे शेवट, दोन असतील तर उत्तम.

तुमचं अ‍ॅडव्हान्स्ड मात्र या खेपेला नको. नावावरून वाटतं तसं त्यात काही मोठं प्रावीण्य नसतं, पाच डाइव्हचा कोर्स आहे आणि परीक्षा नाही. ओपन वॉटर झाल्यावर दुसऱ्या दिवशी सुरू करायला नियमाची आडकाठी नाही. काही चांगले इन्स्ट्रक्टर तर म्हणतात, लगेच करा, शिक्षकाच्या नजरेखाली आणखी पाच डाइव्ह होतात. मला ते तरुणांसाठी पटतं. पण त्या पाचांत एक होकायंत्राचा आणि एक खोल डाइव्ह सक्तीचा असतो. खोल म्हणजे १८ च्या पुढे, ३० पर्यंत. डिक्सन्स पिनॅकल, जॉनीज गॉर्ज असल्या जागी, जिथे प्रवाह अंगावर येतो. तीस मीटरच्या आसपास नायट्रोजनची हलकी गुंगी चढू शकते, दोन अधिक तीन करायला वेळ लागतो. मास्कमध्ये पाणी शिरल्यावर काय करायचं हे ज्याच्या हातांना डोक्याला न विचारता कळतं, त्याने तिथे जावं. तुमच्या हातांना ते अजून कळायचंय. आठ-दहा साधे डाइव्ह झाले की कळेल. पॅकेजचे पैसे भरलेत का? भरले असतील तर अ‍ॅडव्हान्स्डऐवजी फन डाइव्ह (कोर्सविना, नुसते बघण्यासाठीचे) करून घ्यायला सांगा. सेंटर कुरकुरेल, पण बहुतेक जण ऐकतात.

आणि चारही डाइव्ह झाले नाहीत, कार्ड न घेता परत आलात तर? तर काय! रेफरलचा तो कागद वर्षभर आहे. एप्रिलपर्यंत तारकर्ली आहे, पावसाळ्यात आपला किनारा बंद असतो म्हणून त्याच्या आत. मालवणच्या त्या फेरीत तुम्हाला एक सर्टिफिकेट मिळालं असेल, फोटोचं. ते धरून चालू नका. तिथे गाइडने टाकीच्या मागून धरून तुम्हाला फिरवलं, पाव टाकून मासे गोळा केले आणि व्हिडिओ काढला. (तो पाव माशांना चांगला नाही, पुढच्या वेळी नको म्हणा.) तिथे तुम्ही पाहुण्या होता. ओपन वॉटरचं कार्ड म्हणजे उद्या तुमच्या जोडीदाराची हवा संपली तर तुम्ही त्याला तुमचा दुसरा रेग्युलेटर (टाकीतली हवा तोंडात घ्यायचं साधन) देऊन शांतपणे वर आणाल, असं कुणीतरी सही करून सांगितलेलं असतं. आणि तो जोडीदार बहुतेक वेळा तुमचा मुलगाच असणार आहे. ‘तिथे गेल्यावर जमेल’ म्हणणाऱ्याला हे एकदा जेवताना सांगा.

आता काही बारीकसारीक गोष्टी. बोट लागत असेल तर उलटीच्या गोळीची चाचणी आधी घरी करा, काहींनी झोप येते. सर्दी झाली तर तो दिवस सोडा, माझी घागर आठवा. कान दर मीटरला, दुखायच्या आधीच सोडायचे, जोर लावून नाही. सुटले नाहीत तर अर्धा मीटर वर येऊन पुन्हा. नेहमीचा प्रवास विमा स्कूबा धरतोच असं नाही, त्यातली बारीक अक्षरं वाचा किंवा डायव्हिंगचा वेगळा विमा काढा. आणि टाकीत ऑक्सिजन नसतो ताई, आपलीच हवा असते, दाबून भरलेली. टाकीतला दाब बारमध्ये मोजतात, २०० बारवर निघायचं आणि ५० उरले असताना बोटीवर यायचं. घरी कुणी ‘ऑक्सिजन संपला तर?’ म्हणून घाबरवलं तर एवढं ऐकवा.

कोरड्या शुक्रवारी दुपारची फेरी आहे, त्याआधी सकाळी राधानगर किनाऱ्यावर जाऊन बसा.

ता.क. माझाही एक. जाताना लाल टिकली लावून डाइव्ह केलीत तर मास्कच्या आत राहील अशी लावा, रबराखाली आली तर पाणी शिरेल. आणि पंधरा मीटरवर गेल्यावर मुलाला विचारा, टिकली कुठल्या रंगाची दिसते ते. पाणी सगळ्यात आधी लाल रंग गिळतं. तो हाताने खूण करून काळी म्हणेल.